दादाचं इलेक्शन आणि मानाची जोडी

दादा नगराध्यक्षपदाला उभा राहणार हे मला आधी त्याच्या शर्टांवरून कळलं. वहिनी रोज दोरीवर पांढरे शर्ट वाळत घालू लागली. आमच्या गल्लीत कडक पांढरा शर्ट लग्नाला, मयताला नाहीतर इलेक्शनला निघतो. लग्न कुणाचं नव्हतं आणि मयतही कुणी झालं नव्हतं.

आमचं गाव वऱ्हाडातलं, उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तरी आम्ही त्याला गावच म्हणतो. यंदा नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडायचा होता. गल्लीतली जुनी शेतकरी घरं वडिलांच्या काळापासून आमच्या मागं उभी, त्यामुळे दादाला वाटलं की निम्मं इलेक्शन घरबसल्याच जिंकलं. मी त्या घरात राहते ती दादाची धाकटी बहीण म्हणून. लग्न होऊन गेले आणि वर्षाच्या आत परत आले. मग शाळेत मुलं शिकवत इथंच केस पांढरे केले. दादानं त्यावरून मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो वाईट दिसेल, आणि माझा भाऊ वाईट माणूस नाही.

आई नदीपलीकडची. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो, तिथलं तिचं माहेर. ती सून होऊन आली तेव्हा पूल नव्हता. नावेतून आली असं सांगायची. तिला सख्खा भाऊ नव्हता. मी शाळेत असताना कापूस वेचायला पलीकडून माणसं आली, त्यात एक जोडपं आईच्या माहेरगावचं निघालं. आईनं त्या माणसाची बोली ऐकली, दोन घरांची नावं विचारली आणि त्याच वर्षी भाऊबीजेला त्याला पाटावर बसवलं. तेव्हापासून तो आमचा मामा, त्याची बायको आमची मामी. वेचणी संपली, बाकीचे परत गेले, हे दोघं राहिले. मामा आमच्याकडे सालगडी म्हणून लागला, आणि पुढं कधीतरी त्यानं स्वतःची बैलजोडी केली. नदीकाठच्या ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर त्यानं घर बांधलं तेव्हा छपराची टिनं दादानंच आपल्या ट्रॅक्टरमधून नेऊन दिली होती.

त्या एका घराच्या आजूबाजूला मग इतर घरं झाली. दर हंगामात पलीकडून माणसं येत आणि दोन-चार कुटुंबं मागं राहत. त्याची आता मोठी वस्ती झाली होती, आणि इलेक्शनमध्ये सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरू लागलं.

दादाच्या विरोधात उभा राहिलेला माणूस सरळ बोलायचा: नदीपलीकडचा एकही ठेवणार नाही, वस्ती उठवणार. दादा म्हणायचा, नवा माणूस गावात येऊ देणार नाही. ऐकायला सारखंच वाटतं, पण आमच्या गल्लीचे कान तिखट. एका संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा वडीलधारी माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. त्यांचे म्होरके काकाजी, आमच्या वडिलांचे जिवलग मित्र. देवधर्म, रीतभात, मानपान यांत काकाजींचा शब्द म्हणजे गल्लीचा शब्द. मी चहा घेऊन गेले तेव्हा मुद्द्यावर कुणी येईना. हवापाण्याच्या गप्पा चालू होत्या, ताकाला जाऊन भांडं लपवायचं चाललं होतं. शेवटी काकाजींनीच तोंड उघडलं.

"बापू, तू भाषनात म्हनतं का नवा मानूस गावात येऊ देनार नाही. आमाले बरं वाटलं. पन नवा कोन अन् जुना कोन, हे तू सांगतच नाही."

"जे आता येऊन राह्यले ते नवे, काकाजी. इतकी वर्षं राह्यले त्यायले कसं नवं म्हनता येईन?"

"अन् दहा वर्षानं आजचे नवे जुने होतीन, तवा?"

काकाजी पुढं म्हणाले, "आमी तुह्याच घरचे मतदार हावो. दुसरीकडं जावाले आमचे पाय उचलत नाही. पन मन खाते ना बापा. ज्याच्या घरात पलीकडचा मानूस पाटावर बसते, तो गावाची येस काय राखनार?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकाजी, काकूही पलीकडच्याच आहेत ना?"

"बायकायची गोष्ट येगळी असते, बाई," काकाजी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, आणि स्वयंपाकघरात येऊन कपबश्या इतक्या आपटल्या की एकीचा कान तुटला.

त्यांच्या बोलण्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं. गुरं चरायची जमीन घरांखाली गेली होती. गावाबाहेर गुरं जमतात तो आखर, त्याच्याही अंगावर घरं आली होती. रात्री-बेरात्री वस्तीत कोण येतं-जातं हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना आपलं गाव ओळखू येईनासं झालं की भीती वाटते, आणि ती भीती खरी असते. मला राग वेगळ्या गोष्टीचा होता. ही सगळी भीती त्यांनी मामाच्या एकट्याच्या डोक्यावर आणून ठेवली होती, आणि त्याच मामानं काकाजींच्या घरची दोन लग्नं मांडवापासून पंगतीपर्यंत पार पाडली होती.

उठताना काकाजी सहज म्हणावं तसं म्हणाले, "आता पोळा येऊन राह्यला. मानाची जोडी कोनाची निंगते ते गाव पाहीनच."

हे समजायला आमच्या पोळ्याची रीत सांगायला हवी. पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजवून आखरावर तोरणाखाली ओळीनं उभे करतात. झडत्या म्हणतात, म्हणजे कवनं करून एकमेकांना चिमटे काढतात. मग मानाची जोडी तोरणाखालून आधी निघते आणि पोळा फुटतो. तो मान आमच्या घराचा. पण दादानं ट्रॅक्टर घेतला आणि आमचा गोठा रिकामा झाला. मान तर सोडवत नाही. मग मामाच्या जोडीवर आमच्या घरची जुनी झूल पडू लागली, आणि आमचा मान म्हणून तीच जोडी पुढं निघू लागली. गावातल्या बैल नसलेल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा आहे, पोळ्यापुरती जोडी मागून आणतात. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. काकाजींनीही त्या बैलांच्या कपाळाला गुलाल लावलेला मी पाहिला आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. त्या संध्याकाळीही मामा जोडी घेऊन आला. आईला आता नीट उभं राहवत नाही, तरी तिनं भिंतीला धरून दोन्ही बैलांचे खांदे चोळले आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वहिनीनं पेटीतली झूल काढून मामाच्या हातात दिली. दादा घरात नव्हता. तो एका नातेवाइकाकडे दुसरी जोडी ठरवायला गेला होता, आणि हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. मामालाही नाही. तोंडावर सांगायची त्याला लाज वाटली असावी. न सांगितल्यानं काय होईल हे मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आखराजवळच्या देवळाच्या पायऱ्यांवर बायकांमध्ये उभी होते. पिकअपमधून आणलेली पांढरीशुभ्र जोडी तोरणाखाली सगळ्यांच्या पुढं उभी होती. नवीकोरी झूल, शिंगांना बेगड, आणि कासरा धरून पांढऱ्या शर्टातला दादा. पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. तेवढ्यात मामा आला. नेहमीसारखं धोतर, नेहमीसारखा फेटा, आमची झूल अंगावर घातलेले त्याचे बैल. तो नेहमीप्रमाणं सरळ तोरणाकडे चालत आला आणि पुढची जोडी पाहून थांबला. त्यानं दादाकडे पाहिलं. दादानं मान वळवून बैलाची वेसण नीट केली. ती नीटच होती.

कुणीतरी झडती टाकली:

"चार दिसाचा पाव्हना, आला वेचाले वावरात,
झूल मागून आनली, अन् उभा मानाच्या बैलात!"

वर "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" झालं आणि सगळा आखर हसला. झडतीत चिमटा असतोच, त्यावर हसून चिमट्यानं उत्तर द्यायचं असतं. मामा दरवर्षी द्यायचा, आणि फक्कड द्यायचा. त्या दिवशी तो काही बोलला नाही. बैल वळवून ओळीच्या अगदी शेवटी, वस्तीतल्या लोकांच्याही मागं जाऊन उभा राहिला. माझ्या शेजारी उभी असलेली काकू, काकाजींची बायको, तोंडाला पदर लावून म्हणाली, "पाप हाये वं माय." पण ती हे मला म्हणाली, काकाजींना नाही. आणि मीही पायऱ्यांवरून खाली उतरले नाही, नुसती रडत उभी राहिले.

पोळा फुटला. दादाची जोडी आमच्या दारात आली, वहिनीनं पूजा केली, फोटो झाले, ती जोडी पिकअपमध्ये चढून गेलीसुद्धा. मला वाटलं, मामा येणार नाही. दिवेलागणीला घागरमाळा वाजल्या. तो आला होता. दादा लोकांमध्ये खुर्चीवर बसला होता, तो उठून आत गेला. आई ओट्यावर पुरणपोळीचं ताट घेऊन केव्हाची बसून होती. तिनं माझ्या हाताला धरून बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी भरवली. बैल जेवेपर्यंत मामा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मग त्यानं झूल काढली, झटकली, चौघडी घालून ओट्यावर ठेवली. बैल आणणाऱ्याला बोजारा द्यायची रीत आहे, आईनं नोट पुढं केली.

"राहू दे अक्का," तो म्हणाला. "बैलायले आवतन व्हतं, म्हनून आनले."

"अन् तुले आवतन नव्हतं का रे?" आई म्हणाली.

तो वाकला, आईच्या पायाला हात लावला आणि गेला. आईनं त्या रात्री जेवण केलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत असते. पोरंसोरं पळसाच्या फांद्या घेऊन ओरडत गावाच्या शिवेपर्यंत जातात: "रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत!" आणि सगळं शिवेबाहेर फेकून येतात. त्याच गलक्यातून मामाची बैलगाडी गेली. मामी मागं बसली होती, भांडी पोत्यात बांधली होती. लेकी लग्न होऊन गेलेल्या, दोघांचा पसारा तो केवढा. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. गाडी पुलाकडे वळली हे मला शेजारणीनं सांगितलं.

दादा म्हणाला, "येईन दोन दिवसात. रुसला हाये."

तो आला नाही. फोन बंद लागायचा. भाऊबीजेला आईनं पाट मांडायला लावला, समोर ताट ठेवलं आणि दुपारपर्यंत दाराकडे पाहत राहिली. दादा शेजारी येऊन बसला, म्हणाला, "आई, मी गाडी पाठवू का?" आई त्याच्याशी पोळ्यापासून बोलत नव्हती. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "कोन्या तोंडानं पाठवतं?" मी तिथंच होते. दादाला मी लहानपणी आजोबा गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी पाहिलं. पण प्रचार जोरात सुरू होता आणि बाहेर माणसं थांबली होती. तोंड धुऊन तो गेला.

मतदान झालं, मोजणी झाली, आणि दादा पडला. आमच्याच गल्लीनं पाडला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. आठवडाभरानं काकाजी आले, आमच्या घरी कुणी वारल्यासारखे खाली मान घालून बसले. दादानं सरळ विचारलं, "काकाजी, तुमी म्हनलं ते केलं. मंग काहून?"

काकाजींनी टोपी हातात फिरवली. "खोटं नाही बोलत बापू. आदी वाटे, तू त्या लोकायले धार्जिना हायेस. पोळ्याच्या दिशी पाह्यलं, तर वाटलं, ज्यानं घरचा मानूस असा सोडला तो आमाले केवा सोडीन काय भरोसा? मनात शंका एकदा शिरली का निंगत नाही बापा."

मला त्या म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण तो खरं बोलत होता, आणि त्याचंही तोंड उतरलं होतं. मी त्याला चहा दिला.

त्यानंतर आईनं हट्ट धरला, मला भावाकडं ने. आम्ही एसटीनं गेलो. पूल ओलांडताना आई खिडकीतून नदीकडे बघत होती. मामाचं गाव म्हणजे आईचंही माहेर, पण तिच्या ओळखीचं तिथं आता कुणी उरलं नव्हतं; मामाच्या पुतण्याचं घर विचारत गेलो. दारात पुतण्याची सून होती. मी मामाचं नाव सांगितलं तर तिला चटकन उमगेना. मग म्हणाली, "ते वऱ्हाडातले म्हातारबा व्हय? मागल्या अंगाला हायेत." मागं धावणाऱ्या पोरांनीही "ए वऱ्हाड्या, तुझ्याकडं पाव्हनं आले!" अशी आरोळी ठोकली. ज्या गावात त्याचा जन्म झाला तिथं तो आमच्या बाजूचा झाला होता, आणि आमच्या बाजूला तो या गावचा.

मामा आणि मामी टिनाच्या एका पडवीत राहत होते. तीन-चार महिन्यांत तो निम्मा झाला होता. मामीनं पोतं अंथरलं, पाणी आणलं, आणि आईच्या गळ्यात पडून दोघी म्हाताऱ्या मोकळं रडल्या. मी इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "मामा, जोडी?"

"इकली. इथं दोन खुट्यायची जागा नाही." मग तो घाईघाईनं म्हणाला, "माह्यं जाऊ दे. दादाचं काय झालं? इथं कोनाले इचारलं तर सांगत नाही. आला ना निवडून?"

मी आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. "पडला मामा," मी म्हणाले.

मामानं कपाळावर हात मारला. आपलंच काही मोठं नुकसान झाल्यासारखा तो खालीच बसला. "माह्यं अन् इचं मत व्हतं ना तिथं," तो म्हणाला. "दोन मतं वाया गेले."

"दोन मतानं काय होते रे बापा," आई म्हणाली.

"मी आलतो अक्का. मतदानाच्या दिशी सकाळीच निंगालो आमी दोघं. पुलापर्यंत आलतो. मंग इचार केला, आपल्याले कोनं पाह्यलं तर म्हनतीन, दादानं पलीकडचे लोकं आनले मत टाकाले. त्याच्याच नावानं बोभाटा होईन. म्हनून वापस झालो." त्यानं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. "यायले पायजे व्हतं काय वं?"

आईनं त्याला घरी चल म्हटलं, हात धरून म्हटलं, तो नाहीच म्हणाला. निघताना त्यानं आईला चोळखण दिला, चुकलेल्या भाऊबीजेचा. कुठून आणला, कधीपासून ठेवला होता, देव जाणे. आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादाले सांगजो, जिवाले लावून घेऊ नोको म्हना. जेवत जा म्हना टायमावर."

आम्ही घरी आलो तेव्हा दादा ओट्यावर एकटाच बसला होता. अंगात घरातली जुनी बंडी होती. आई त्याच्यासमोरून न बोलता आत गेली. मी चपला काढत होते, तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "भेटला का?"

"भेटला."

"मले लय शिव्या देल्या असतीन."

मी त्याला पुलाचं सांगितलं, मतांचं सांगितलं आणि मामाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गल्लीतून काकाजी देवळाकडे निघाले होते, त्यांनी हात वर करून रामराम केला. दादाचं तिकडं लक्षच नव्हतं.

"एकही शिवी देली नाही त्यानं?" त्यानं परत विचारलं.

"नाही दादा."

"देली असती तर बरं झालं असतं वं," तो म्हणाला.